तू एकही गोळी चुकवली नाहीस

सुरेखा, बिटाचा तुझा-माझा वाद राहूनच गेला.

मी तुझ्या ओट्यावर बीट किसत होते आणि तू खाटेवर बसून माझ्या लाल झालेल्या बोटांकडे बघत होतीस. म्हणालीस, "बाई, लाल हाय म्हणून त्याचं रक्त होते काय? मंग कुकूच खाऊ द्या मले वाटीभर." मी म्हटलं, "गावची आशा मी हाय का तू?" तर म्हणालीस, "तुमीच हा. म्हणून तं भेव वाटते." मला हसू आलं नाही, राग आला. अठरा वर्षं मी अख्ख्या गावाला रक्त कसं वाढवायचं ते सांगते, आणि माझी सख्खी जाऊ माझीच थट्टा करते, असा तो राग. शेवटी नाक दाबून तू अर्धा पेला प्यायलीस आणि उरलेला तुळशीत ओतलास. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून तुळशीपाशी नेलंस. "पाहा बाई, पानं लाल झाली काय?"

याला मी काहीतरी चोख उत्तर देणार होते. ते अजून सुचलेलं नाही.

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी मंडपवाला येऊन कापड उतरवून घेऊन गेला, मोठी भांडी समाजमंदिरात परत गेली, आणि अंगणात बांबूंचे चार खड्डे तेवढे राहिले. मी आयुष्यभर रजिस्टरं भरली. गरोदर बाया, लहान मुलं, लसी, जन्म, मृत्यू. पत्र असं कुणाला लिहिलं नाही. हे लिहायला बसले कारण एक गोष्ट तुझ्या तोंडावर बोलायची होती आणि ती बोलायच्या आत तू गेलीस. तुझ्यावर एक खोटा आळ आहे. तो मी घातला आहे.

जावा-जावा अन् उभा दावा, म्हणतात. आपणही कमी भांडलो नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी या घरात सहा वर्षं जुनी होते, आणि त्या सहा वर्षांचा तोरा मी तुझ्यावर पुरेपूर वापरला. तुझी भाकर जाड, तुझं सारवण पातळ, तुझा आवाज मोठा. तू "हो बाई" म्हणायचीस आणि तुला करायचं तेच करायचीस. पुढे चुली वेगळ्या झाल्या, अंगणात कमरेएवढी भिंत आली. तेव्हा महिनाभर आपण बोललो नाही. पण त्या महिन्यातही तुझ्याकडे मिरचीचा ठेचा झाला की वाटी भिंतीवर दिसायची. वाटी ठेवून तू पाठ फिरवून उभी राहायचीस, मी ती उचलेपर्यंत.

आणि तू माझी पहिली केस. मला आशा म्हणून नेमलं त्या वर्षी गौरी तुझ्या पोटात होती. माझ्या कोऱ्या रजिस्टरात पहिलं नाव तुझं आहे, अक्षर बघितलं तर अजून लाज वाटते. उपकेंद्रात नर्सबाईंनी तुझं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ भरलं. मग मी रोज जेवण झालं की लोहाची लाल गोळी घेऊन तुझ्यासमोर उभी. "मायासमोर गिळ." तू गिळायचीस आणि शाळेतल्या पोरीसारखी जीभ वर करून दाखवायचीस. तीन महिन्यांत अकरा झालं. गौरी चांगली पावणेतीन किलोची झाली. नर्सबाईंनी तालुक्याच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं, आणि त्या दिवसापासून लाल गोळीवर माझा जो विश्वास बसला तो देवावरसुद्धा नाही.

त्यानंतर किती बायांशी मी या गोळीपायी भांडले असेन. त्या म्हणत, मळमळते, तोंड कडू होते, परसाकडे काळं होते. आणि मी पाठ फिरवली की गोळी उकिरड्यावर. म्हणून मी माझी रीतच करून टाकली. गोळी हातात देऊन निघून यायचं नाही, गिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलायचं नाही. पोरी मला मागून गोळीवाली बाई म्हणतात. म्हणू दे, मला त्यात मोठेपणच वाटायचं.

तुझी गाठ, ते ऑपरेशन, ते दिवस मी इथे लिहीत नाही. ते गावाला पाठ आहे. मला फक्त रक्ताबद्दल बोलायचं आहे.

अकोल्याला पहिली केमो झाली त्या दिवशी नळीतून लाल औषध उतरताना पाहून तू म्हणालीस, "घ्या, हेबी लालच." परत येताना बसमध्ये पातूरच्या पुढे तू खिडकीला डोकं टेकलंस ते मेडशी येईपर्यंत उचललं नाहीस. डॉक्टरीण बाईंनी एक चिठ्ठी दिली होती. दर डोसनंतर दहाव्या दिवशी रक्त तपासायचं. हिमोग्लोबिन आठाच्या खाली गेलं, दम लागला, चक्कर आली, ताप आला, तर वाट न बघता घेऊन यायचं. भाऊजींनी ती चिठ्ठी खिशातून काढून माझ्याच हातात दिली. "वहिनी, आपल्याच घरात आशा हाय. तुमीच पाहा आता."

दुसऱ्या डोसनंतर तू तब्येतीनं उतरलीस. स्वयंपाकघरातून हातपंपापर्यंत जाताना दोनदा थांबायचीस, एकदा दारापाशी आणि एकदा भिंतीला धरून. कुणी बघतंय असं वाटलं की उगीच भिंतीवरची माती खरवडायचीस, जणू त्याचसाठी थांबली होतीस. मी तुझी खालची पापणी ओढून पाहिली. आत नुसतं पांढरं. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगू सुरेखा, मला उत्साह आला. तुझ्या या सगळ्या आजारपणात माझ्या हाताला कामच नव्हतं. ऑपरेशन डॉक्टरांचं, केमो डॉक्टरांची, पिशवी धरून बाकावर बसणं तेवढं माझं. पण रक्त कमी म्हणजे माझं खातं. हे मला येत होतं. "आता हे मायावर सोडा," मी भाऊजींना म्हटलं, आणि घरात जाऊन गोळ्यांचं पाकीट घेऊन आले.

तू म्हणालीस, "बाई, केमोची मळमळ अन् गोळीची मळमळ, दोनी एकाच पोटात कुठं बसवू?"

"गौरीच्या वक्ती कुठं बसवली होती? गिळ."

तू गिळलीस. जीभही वर करून दाखवलीस. आता तुझ्या जिभेवर पांढरे फोड होते, ते मी पाहिले आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

दहाव्या दिवशी तालुक्याला, मालेगावला जाऊन रक्त तपासायचं होतं. तू खाटेवरून म्हणालीस, "आधीच आंगात रक्त नाई, अन् हे लोकं सुई भरभरून काढून नेतात. मंग कसं वाढीन?" हे मी शंभर बायांच्या तोंडून ऐकलं आहे आणि शंभर वेळा हसून सांगितलं आहे की बाई, तेवढ्यानं काही होत नाही. तुला नाही सांगितलं. मला वाटलं, गोळ्या चालू आहेत, आता रक्त चढणारच, मग दोन तासांचा हेलपाटा कशाला? तुला एसटीत बसवणंही जिवावर आलं होतं. आपण दोघींनी मिळून तो दहावा दिवस बुडवला. तू मला म्हणालीस, "आज लय चांगल्या वागून राह्यल्या बाई."

तिसऱ्या डोसला गेलो तर हिमोग्लोबिन सहाच्या थोडं वर. डोस दिला नाही. डॉक्टरीण बाईंनी मला एकटीला आत बोलावलं आणि दहाव्या दिवसाचा रिपोर्ट मागितला. मी म्हटलं, मॅडम, मी आशा आहे, रोज माझ्यासमोर गोळ्या देते, एकही चुकवलेली नाही. पिशवीतून पाकीट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटून पाहिलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. केमोचं औषध आजाराला मारतं, तसं हाडांच्या मगजालाही मारतं, आणि रक्त तिथेच तयार होतं. "तिच्या अंगात लोह कमी नाही, ते मी तपासलंय. ताई, चूलच विझलीय आणि तुम्ही पिठाच्या पोत्यावर पोती आणून टाकताय. गर्भारपणात कमी पडतं ते वेगळं आणि हे वेगळं. ह्या गोळ्या आजपासून बंद करा. पोट बिघडतंय तिचं, खाणं तुटलंय. डाळ, अंडी, जे उतरेल ते खाऊ द्या. आणि दहावा दिवस चुकवू नका. वेळेवर कळलं असतं तर रक्त चढवलं असतं, आजचा डोस चुकला नसता."

त्या रागावल्या नाहीत. ताई म्हणून बोलल्या. रागावल्या असत्या तर कदाचित मी बाहेर येऊन त्यांच्यावर चिडले असते आणि चिडण्याच्या भरात खरं बोलून गेले असते.

बाहेर बाकावर तू होतीस, शेजारी भाऊजी, आणि आमचे घरचे भिंतीला टेकून उभे. तिघांच्या नजरा माझ्याकडे. भाऊजी म्हणाले, "काय म्हणे मॅडम? काहून नाई वाढलं रक्त?"

दारापासून त्या बाकापर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्यात माझ्या मनात तू नव्हतीस. माझं रजिस्टर होतं, नर्सबाईंनी मीटिंगमध्ये घेतलेलं नाव होतं, "आता हे मायावर सोडा" असं मी म्हटलेलं होतं. मी म्हटलं, "म्हणे, पेशंट गोळ्या बरोबर घेत नाई."

तू माझ्याकडे पाहिलंस. चिडून नाही. एखादी गोष्ट नीट ऐकू आली नाही की आपण बघतो, तसं. मग तुला ऐकू आलं असावं. भाऊजी तुझ्यावर घसरले, "वहिनी एवढं मरमर करून राह्यल्या, अन् तू गोळ्या फेकून राह्यली? आपल्या जिवाचीबी काळजी नाई तुले?" माणसं वळून बघायला लागली. मी हातातली पिशवी उघडून त्यात उगीच काहीतरी शोधत होते. आणि तू खाली बघत म्हणालीस, "हो. चुकल्या एखाद-दोन."

एकही चुकली नव्हती. मीच तर उभी असायचे समोर.

त्याच दुपारी रक्तपेढीत तुझ्यासाठी रक्त घेताना बदली रक्त द्यायला सांगितलं. भाऊजींनी दिलं, आमच्या घरच्यांनी दिलं. मीही पदर खोचून पुढे झाले. बोट टोचून तपासलं तर माझंच नऊ निघालं. साडेबारा लागतं. तो मुलगा म्हणाला, मावशी, तुम्हीच आधी गोळ्या घ्या. आता सांगते, मी आयुष्यात स्वतः ती गोळी आठ दिवसांच्या वर कधी घेतली नाही. मळमळते म्हणून.

तुझ्या खाटेपाशी येऊन बसले. वरच्या पिशवीतून थेंब थेंब रक्त उतरत होतं. तू विचारलंस आणि मी सांगितलं, माझं घेतलं नाही, कमी भरलं. तू डोळे मिटूनच हसलीस. "दिव्याखाली अंधार, बाई." वर म्हणालीस, "तुमीबी गोळ्या बरोबर घेत नसान."

एवढंच. त्या खोट्याबद्दल तू मला आयुष्यात बोललीस ते एवढंच. मी हसले. मला वाटलं, झालं, हिनं थट्टेवारी नेलं, आता विषय संपला. किती सोपं केलं मी माझ्यासाठी.

दोन पिशव्यांनी तुझ्या तोंडावर जरा रंग आला. पुढच्या आठवड्यात डोस झाला. आणि घरी भाऊजींनी गोळ्यांची जबाबदारी आपल्या हातात घेतली. एकाच्या दोन केल्या. सकाळी वावरात जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, माझ्याच रीतीनं, समोर उभे राहून. "आता पाहतो कशी फेकते तं." पाकिटं मीच पुरवत होते. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली गोळी मी माझ्या हातानं भिंतीवरून देत होते, कारण बंद करा म्हटलं की का म्हणून विचारलं असतं, आणि का ते सांगितलं की त्या दिवशीचं खोटं उघडं पडलं असतं. मी मनाला सांगत होते, गोळीनं काही मरत नाही माणूस. तुझं पोट आठवडा आठवडा साफ होत नव्हतं. भाकरीचा तुकडा तू तोंडात फिरवत बसायचीस. भाऊजी दार लोटून गेले की ओकारी काढायचीस, पण मी भिंतीच्या अलीकडे आहे हे कळलं की तोंडावर पदर धरायचीस. मला ऐकू येऊ नये म्हणून, सुरेखा. मला.

एका दुपारी तू मला वाट करून दिली होतीस. घरात कुणी नव्हतं. मी तुझ्या तळपायाला तेल लावत होते, पायावर सूज होती. तू अगदी सहज विचारलंस, "बाई, गोळी खरंच लागते काय?"

तुला माहीत होतं. मला माहीत होतं की तुला माहीत आहे. तू भांडायला विचारलं नव्हतंस. नुसतं नको म्हण, मी काही विचारणार नाही, असा तो आवाज होता. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "लागते."

"बरं," तू म्हणालीस.

इतकी वर्षं मी तुला हट्टी म्हणत आले. तू आयुष्यभर "हो बाई" म्हणून आपलंच केलंस, भाकर जाडच केलीस. आणि जिथं माझं ऐकायचं नव्हतं तिथंच ऐकलंस. माझ्यावर उलटायला काय झालं होतं तुला? एकदा भाऊजींसमोर म्हणायचं होतंस, विचारा तुमच्या वहिनीला. माझी अब्रू तुला तुझ्या पोटापेक्षा मोठी वाटली, याचा मला तुझ्यावर अजून राग येतो. आणि कुणी नव्हतं असं माझ्यासाठी करणारं, हेही तितकंच खरं. माझ्या आईनंसुद्धा मला एवढं झाकलं नाही.

या खेपेचा दहावा दिवस आला तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं. मळणीयंत्राचा नंबर लागलेला, आभाळ भरून येत होतं. मी भाऊजींना म्हटलं, आज तपासायला न्यायचं आहे. एवढं म्हटलं, हे मी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. ते म्हणाले, "दोन दोन गोळ्या चालू हायत, आता तं नेमानं घेते. मंग कायले हेलपाटा? चार दिवसात माल घरी येते, मंग गाडीच करू." त्या क्षणी मला तोंड उघडायचं होतं. गोळीनं काही होत नाही, डॉक्टरांनी मला सांगितलं आहे, मी खोटं बोलले. तीन वाक्यं. मी म्हटलं, "बरं, चार दिवसांनी."

तिसऱ्या दिवशी सकाळी तू न्हाणीतून बाहेर येताना बसलीस ती उठली नाहीस. हात लावला तर अंग तापलेलं. आदल्या दिवशीपासून कणकण होती म्हणे, तू सांगितलं नव्हतंस, सगळे घाईत आहेत म्हणून. गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुझा श्वास कुत्र्यासारखा जलद चालला होता, आणि तू मधेच म्हणालीस, "माल भरला काय?" मी म्हटलं, भरला. भरला नव्हता.

रक्त चार भरलं. पांढऱ्या पेशीही गेलेल्या, त्यात ताप अंगात मुरलेला. रक्त चढवलं, औषधं झाली, आणि चौथ्या दिवशी दुपारी तू गेलीस. मी डॉक्टरीण बाईंना गाठून विचारलं, दहाव्या दिवशी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, ताई." त्या निघून गेल्या आणि दाराशी जाऊन परत वळल्या. "पण आणायला पाहिजे होतं."

त्यांनी त्या गोळ्यांबद्दल विचारलं नाही. मी बंद केल्या असतील असं त्यांनी धरलं असणार.

आता तुला पुढचं सांगते, ते तुला माहीत नाही. माझं खोटं तुझ्याबरोबर गेलं नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला भाऊजी रडत रडत सांगायचे, तिनं सुरुवातीला गोळ्या फेकल्या, तिथंच बिघडलं. चार दिवसांत ते अख्ख्या गावात झालं. गेल्या मंगळवारी अंगणवाडीत मी गोळ्या वाटायला बसले. एरवी अर्ध्या पोरी मागच्या दारानं पळतात. त्या दिवशी रांग होती. एका पोरीनं तोंड वाकडं केलं तशी तिची आई म्हणाली, "घे माय गपचूप. नाई तं सुरेखासारखं होईन." पोरीनं गोळी गिळली. पाठोपाठ सगळ्यांनी गिळल्या. अठरा वर्षांत इतकं भरलेलं पान माझ्या रजिस्टरात झालं नव्हतं. मी त्या पानावर सही केली आणि अंगणवाडीच्या मागे जाऊन ओकले.

त्या पोरींना गोळी लागते, ती त्यांनी घ्यायलाच हवी. पण तुझ्या नावानं नको.

म्हणून मी ठरवलं होतं, तेरवीला सगळे असतील, तेव्हा बोलायचं. काल जेवणं उरकली. बाया अंगणात सुपारी कातरत बसल्या होत्या, पुरुष मंडपात. पलीकडच्या पार्वताबाईंनी सुस्कारा टाकला. "गोळ्या घेतल्या असत्या बिचारीनं तं आज घरात असती." मी उभी राहिले. मी म्हटलं, तिनं सगळ्या गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. त्या गोळ्यांचा उपयोगच नव्हता, डॉक्टरांनी मला बंद करायला सांगितल्या होत्या. मी खोटं बोलले, माझी लाज झाकायला. तपासणी बुडाली ती माझ्यामुळे. सगळं सांगितलं, सुरेखा. दारापासून बाकापर्यंतच्या दहा पावलांसकट सांगितलं. मंडपातले पुरुषही इकडे वळले.

मला वाटलं होतं भाऊजी अंगावर धावून येतील. मी त्यासाठी तयार होते. खरं तर वाट बघत होते.

पार्वताबाई उठल्या, माझं डोकं त्यांनी छातीशी धरलं. "पाहा व बायांनो, किती जीव होता जावेवर. गेलेलीचा दोष आपल्या आंगावर घेऊन राह्यली." दोन-तीन बाया डोळे पुसायला लागल्या. मी ओरडले, अहो खरं सांगते, डॉक्टरला विचारा. भाऊजी समोर आले. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी हात जोडले. मला, हात जोडले. "वहिनी, तुमी नसत्या तं ती एवढीबी टिकली नसती. असं काई मनाले लावून घेऊ नका." आमचे घरचे म्हणाले, तेरा दिवस नीट जेवली नाही ती, डोकं फिरल्यासारखं करते, आत न्या तिला.

गौरीनं मला दंडाला धरून आत नेलं, खाली बसवलं, पाणी दिलं. मी तिचा हात सोडला नाही. म्हटलं, पोरी, तू तरी ऐक. तुझ्या आईनं एकही गोळी चुकवली नाही. मी खोटं बोलले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, हो हो म्हणत होती, तापात बरळणाऱ्याला म्हणतात तसं. आणि मग हळूच म्हणाली, "मोठी आई, तुमी काहून आंगावर घेता? मले माहीत हाय ना. आई ऐकतच नोती कोणाचं."

ऐकलं गं तिनं. माझं ऐकलं. हे आता कुणाला सांगू, सुरेखा? एवढ्या गावात ते जाणणारी तू एकटी होतीस.